बर्लिनचा राजवाडा : वारसा की हुबेहूब नक्कल?

ओटीवरून
गेल्या महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन बर्लिनला जाऊन आलो. सासरे पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. देऊळ असो की मॉल, आत शिरायच्या आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. स्प्री नदीच्या बेटावरच्या राजवाड्यासमोर ते वीस मिनिटं मान वर करून उभे होते. खिडक्यांवरचे गरुड, दगडी माळा, कठड्यावरचे पुतळे, वर घुमट. "काय राखलंय हो तीनशे वर्षं!" मी म्हटलं, "अण्णा, हे २०२० साली पुरं झालंय." त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला आणि परतीच्या ट्रामपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १४४३ साली पायाभरणी, १६९८ नंतर वास्तुकार आंद्रेआस श्ल्यूटरने त्याला बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातली भरगच्च नक्षीची युरोपीय शैली) रूप दिलं, १९४५च्या फेब्रुवारीत बॉम्ब पडून जळाला, १९५० साली पूर्व जर्मनीच्या सरकारने उरलेला सुरुंग लावून पाडला. २०१३ ते २०२० या काळात पुन्हा बांधला : तीन बाजू जुन्यासारख्या, चौथी आणि आतलं बरंचसं नवं. खर्च ६८ कोटी युरोंच्या आसपास. आत आता हुम्बोल्ट फोरम नावाचं संग्रहालय आहे.

रस्ता ओलांडला की म्युझियम आयलंड. तिथली पाच संग्रहालयं १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. राजवाडा त्याच बेटावर, पण यादीत नाही. मला प्रश्न पडलाय तो असा : हा वारसा आहे की नाही? आणि ते ठरवतं कोण?

चहाटळ
सासऱ्यांना माझा साष्टांग. टकटक केल्यावर आवाज कसा आला ते नाही लिहिलंत.

मिरची_कांदा
यात प्रश्न पडण्यासारखं काय आहे? पाडलं, संपलं. आजोबांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला म्हणून आजोबा जेवायला येत नाहीत. हा सिनेमाचा सेट आहे, फक्त प्लायवूडऐवजी दगडाचा.

दगडगोटे
@मिरची_कांदा, सेट म्हणणं चूक आहे. मी वास्तुविशारद आहे, बांधकाम चालू असताना दोनदा बघायला मिळालं. आत काँक्रीटचा सांगाडा आहे हे खरं. पण त्याच्या बाहेरची बरोक भिंत म्हणजे चिकटवलेल्या फरश्या नव्हेत. विटांची जाड भिंत, तिच्यात गुंफलेला वालुकाश्म, आणि ती आपला भार आपणच पेलते. म्हणून टकटक केल्यावर आवाज भरीवच आला असणार.

दगडकामासाठी श्पांडाऊ भागात खास कार्यशाळा उघडली होती. तिथे काम कसं चालायचं ते सांगतो. जुन्या फोटोवरून आधी मातीचा नमुना, त्यावरून साचा, त्यातून प्लास्टरचा नमुना, आणि मग त्या प्लास्टरवरून दगड. मी गेलो तेव्हा एक बाई गरुडाच्या पंखावर काम करत होती. प्लास्टरचा गरुड शेजारच्या तिकाटण्यावर, त्याच्यावर पेन्सिलीने मारलेले शेकडो ठिपके. एका ठिपक्यावर मोजमापाची सुई टेकवायची, तीच सुई दगडावर आणायची, किती खोल जायचं ते बघायचं, छिन्नीचे चार घाव, पुन्हा सुई. तासाभरात चार पिसं पुढे सरकली. श्ल्यूटरच्या माणसांनीही दगड असाच हातानेच फोडला असणार. यात खोटं नक्की काय आहे?

मिरची_कांदा
खोटी आहे ती तारीख. बाकी सगळं खरं.

बर्लिनची_सून
मी एकोणीस वर्षं या शहरात आहे, त्यामुळे माझे चार आणे.

या धाग्यात १९५० वरून थेट २०१३ वर उडी मारली गेली, मधली इमारत कोणाच्या लक्षातच नाही. त्याच जागेवर १९७६ साली पूर्व जर्मनीने ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’ उघडला. तांबूस आरशाच्या काचांची लांबलचक पेटी. आत त्यांची संसद, पण त्याच छपराखाली पाच हजार माणसांचं सभागृह, उपाहारगृहं, बोलिंग ॲली. आत इतके दिवे होते की लोक पूर्व जर्मनीचा नेता एरिख होनेकर याच्या नावावरून त्याला ‘एरिखचं दिव्यांचं दुकान’ म्हणायचे. ऑगस्ट १९९० मध्ये पश्चिम जर्मनीत सामील व्हायचा ठराव याच इमारतीत झाला. पुढच्याच महिन्यात ॲस्बेस्टॉसमुळे ती बंद केली आणि २००६ ते २००८ मध्ये पाडली.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी पूर्वेकडच्या. त्यांची लग्नानंतरची पहिली पार्टी तिथे झाली होती. पाडकाम चालू असताना त्या दर रविवारी जाऊन पुलावर उभ्या राहायच्या. एकदा मी विचारलं, आता नवा राजवाडा बघायला येता का? म्हणाल्या, "माझा राजवाडा मी पाहिलाय, त्यात बोलिंग होतं."

तेव्हा वारसा ठरवताना कुणाचा ते आधी विचारा.

नीलपरी७
सूनबाई, शेवटचं वाचून घशात आवंढा आला.

जुनं_पान
बर्लिनची_सून यांच्याशी सहमत, पण १९५० कडे जरा नीट बघायला हवं. राजवाडा जळाला तरी भिंती बऱ्याच उभ्या होत्या. युद्धानंतर काही दालनांत प्रदर्शनंही भरली. म्हणजे दुरुस्त होण्यासारखा होता. पूर्व जर्मनीचा तेव्हाचा नेता उल्ब्रिख्त याला मोर्चे-मेळाव्यांसाठी मोठं मैदान हवं होतं आणि प्रशियाच्या राजांची खूण नको होती. सप्टेंबर ते डिसेंबर, चार महिन्यांत सगळं सपाट.

आता खरी गंमत. सगळं पाडलं, पण एक दरवाजा ठेवला. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी समाजवादी पुढारी कार्ल लीबक्नेख्टने राजवाड्याच्या चौथ्या दरवाजाच्या सज्जातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली होती. म्हणून त्या दरवाजाचे तुकडे सांभाळून ठेवले आणि १९६४ साली पुऱ्या झालेल्या राज्य परिषदेच्या नव्या इमारतीच्या दर्शनी भागात बसवले. त्यातलाही बराच दगड तेव्हा नव्यानेच घडवलेला. ती इमारत आज संरक्षित स्मारक आहे. आत बिझनेस स्कूल चालतं.

मग राजवाडा पुन्हा बांधला तेव्हा चौथा दरवाजा अर्थातच परत घडवला. त्यामुळे आज हाकेच्या अंतरावर दोन चौथे दरवाजे आहेत. राजाचा नवा आणि कम्युनिस्टांचा जुना. कायद्याचं संरक्षण कम्युनिस्टांच्या दरवाजाला!

चहाटळ
म्हणजे कुंभमेळ्यात हरवलेले दोन भाऊ. कुणाकडे लॉकेट आहे ते बघा.

मिरची_कांदा
@जुनं_पान, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत, धन्यवाद. १९६४ च्या इमारतीला संरक्षण का? कारण ती १९६४ ची म्हणूनच उभी आहे. राजवाडा १७०० चा म्हणवतो आणि २०२० चा आहे.

काकडआरती
बाकी काही असो, एवढे पैसे जर्मन सरकारने पुतळ्यांवर घातले? आमच्या गल्लीतला रस्ता तीन वर्षं उकरलेला आहे.

दगडगोटे
@काकडआरती, बरोक दर्शनी भागाचे पैसे बहुतांशी देणग्यांतून आले, सुमारे १० कोटी युरो. विल्हेल्म फॉन बोडिन नावाचे हँबर्गकडचे शेती अवजारांचे व्यापारी यामागे होते. १९९३ मध्ये त्यांनी राजवाड्याचा दर्शनी भाग खऱ्या मापात कापडावर रंगवून घेतला आणि जागेवरच परांचीवर, म्हणजे पोलादी मचाणावर, ताणून उभा केला. शेजारच्या पालास्टच्या बाजूला आरसे लावले, म्हणजे कापड त्यात दिसून भिंत दुप्पट लांब वाटे. लोक ते बघून हळहळले. तिथून संसदेच्या २००२ च्या ठरावापर्यंत नऊ वर्षं गेली.

मात्र देणगीदारांपैकी काहींचे विचार अती उजवे निघाले, त्यावरून नंतर बराच गदारोळ झाला. घुमटावरच्या क्रॉसवरूनही. शिवाय घुमटाभोवती बायबलातली वचनं आहेत, साऱ्यांनी येशूच्या नावापुढे गुडघे टेकावेत अशी. १८५० च्या सुमाराच्या राजाला ते शोभत असेल. आत जगभरच्या संस्कृतींच्या वस्तू ठेवलेल्या संग्रहालयावर २०२० साली तेच अक्षर न् अक्षर पुन्हा लिहायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

ओढ्याकाठी
अवांतर : श्ल्यूटरची नोकरी कशी गेली ते कुणी सांगितलंच नाही. राजवाड्याजवळ टांकसाळीचा उंच मनोरा बांधायचं काम त्याच्याकडे होतं. बर्लिनची जमीन म्हणजे वाळू आणि पाणी. मनोऱ्याला तडे गेले, आधाराला भिंती बांधल्या, तरी कलणं थांबेना. १७०६ मध्ये मनोरा उतरवावा लागला आणि साहेबांना काढलं. पुढचं काम एओझांडरकडे गेलं. तीनशे वर्षांपूर्वीसुद्धा सॉइल टेस्ट न करता टेंडर काढायचे तर!

आणि ते अंबरचं प्रसिद्ध दालन, ते मूळचं या राजवाड्यातलंच. राजाने १७१६ साली पीटर द ग्रेटला भेट देऊन टाकलं.

पेठकरी
एवढा वेळ गप्प बसलो, आता राहवत नाही. शनिवारवाडा का नाही बांधत मग? जर्मन लोक पाडलेला राजवाडा उभा करतात आणि आपण चौथऱ्यावर गवत कापत बसतो. दिल्ली दरवाजा आहे, तटबंदी आहे, पाया आहे. अजून काय पाहिजे?

चहाटळ
आला शनिवार. तिसऱ्याच प्रतिसादात येईल अशी पैज लावली होती मी, तेरा प्रतिसाद लागले.

जुनं_पान
@पेठकरी, राग मानू नका. मलाही वाडा उभा राहिलेला बघायला आवडेल. पण एक फरक फार मोठा आहे. वाडा जळाला १८२८ साली. छायाचित्रण जगासमोर आलं १८३९ मध्ये. म्हणजे वाड्याच्या आतल्या चौकांचा, दिवाणखान्यांचा एकही फोटो असणं शक्यच नाही.

बर्लिनकडे काय होतं बघा. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात फोटोवरून इमारत मोजायचं शास्त्र विकसित केलं आणि त्यासाठी प्रशियात सरकारी संस्थाही काढली. इमारत पडली-झडली तर पुन्हा बांधता यावी हाच हेतू. काचेच्या मोठ्या प्लेटांवर त्यांनी राजवाडा टिपून ठेवला होता. त्यावरून एकेका कंगोऱ्याची उंची सेंटिमीटरात काढता आली. त्यातही आतली दालनं त्यांनी पुन्हा बांधली नाहीतच.

शनिवारवाडा बांधाल तर चौथऱ्याच्या वरचं सगळं कल्पनेनंच भरावं लागेल. मग आज जे खरं आहे, म्हणजे तो चौथरा, कारंज्यांची कुंडं, तटाच्या विटा, ते सगळं नव्या खांबांखाली जाणार.

पेठकरी
फोटोचा मुद्दा लक्षात नव्हता आला. तरीपण मन ऐकत नाही, काय करणार.

व्हिस्टुलाकर
मी नोकरीनिमित्त सहा वर्षं वॉर्सात होतो. मूळ प्रश्नातल्या "ठरवतं कोण" याला वॉर्सा हे चांगलं उत्तर आहे. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीर उडवलं. राजवाड्याच्या भिंतींत सुरुंगासाठी भोकं आधीच पाडून ठेवलेली होती, सप्टेंबर १९४४ मध्ये तो उडवला. जुनं शहर युद्ध संपताच बांधायला घेतलं. राजवाडा मात्र १९७१ ते १९८४, लोकवर्गणीतून. रंग आणि नक्षीसाठी बेर्नार्दो बेलोत्तोच्या अठराव्या शतकातल्या चित्रांचा आधार घेतला. (कानालेत्तोचा हा भाचा, तिथे मामाच्याच नावाने ओळखतात.)

आणि १९८० साली वॉर्साचं जुनं शहर जागतिक वारसा यादीत गेलं. राजवाडा तर तेव्हा पुरताही नव्हता! युनेस्कोने ‘हे तेराव्या शतकातलं आहे’ असं म्हटलंच नाही. ‘एवढं मोठं शहर इतक्या निष्ठेनं पुन्हा उभं केलं’, या कामाला त्यांनी वारसा मानलं.

मिरची_कांदा
मग बर्लिनने काय पाप केलं? कामच बघायचं तर यांनीही निष्ठेनंच केलंय. दगडगोटेंची सुई विसरलात काय?

व्हिस्टुलाकर
अहो, तुम्ही आता कुठल्या बाजूने भांडताय?

मिरची_कांदा
जी रिकामी असेल त्या. 😀

व्हिस्टुलाकर
मला दिसतो तो फरक असा. ज्यांनी वॉर्सा बांधलं त्यांच्या डोळ्यांसमोर ते उडवलं होतं. राखेतून काढलेले दगड त्यांनीच वेचून ठेवले होते. बर्लिनमध्ये पाडल्यावर साठ वर्षं गेली, मध्ये दुसरी इमारत उभी राहून गेली, आणि तिला पाडून ही आली. सूनबाईंच्या आजींना विचारलं तर त्या म्हणतील, माझा वारसा पाडून तुमचा बांधला.

सांजवारा
व्युर्त्सबुर्गहून लिहितेय. आमच्याकडचा बिशपचा बरोक राजवाडा १९८१ पासून यादीत आहे. १६ मार्च १९४५ च्या रात्री शहर जळालं, राजवाड्याची छपरं गेली. पण बाल्थाझार नॉयमानने जिन्यावर बांधलेली दगडी घुमटी, मध्ये एकही खांब नसलेली, पडली नाही. तिच्यावरचं तिएपोलोचं प्रचंड छतचित्र वाचलं. चार खंड रंगवलेत, आशियात हत्ती आहे. बाकीची बरीच दालनं नंतर घडवलेली, आरसेमहाल तर १९८७ मध्ये पुरा झाला. आणि तरी कोणी त्याला नक्कल म्हणत नाही. मला वाटतं एक जिना वाचला, म्हणून बाकीचं त्याच्या आधाराने खरं ठरलं.

बर्लिनची_सून
सांजवारा, छान मुद्दा. बर्लिनमध्ये जागेवर वाचलेलं म्हणजे तळघर. जुन्या पायाच्या भिंती उघड्या ठेवल्यात, खाली उतरून बघता येतात. श्ल्यूटरच्या काळातले काही मूळ पुतळे आत शिल्पदालनात आहेत, बाहेर कठड्यावर आहेत त्या प्रती. बहुतेक पर्यटक प्रतीचे फोटो काढून मूळ न बघताच निघून जातात. (माझा नवरा धरून.)

मोडीवाचक
अवांतराबद्दल क्षमस्व, पण आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट राहिली. याच राजवाड्यासमोर डिसेंबर २०२२ पासून सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे, साधारण दहा मीटर उंच. इंग्रजांच्या काळात, १८७० च्या आसपास, हेन्री हार्डी कोल याने सांचीला जाऊन तोरणाचे प्लास्टरचे साचे घेतले. त्यांच्या प्रती युरोपभर गेल्या, एक बर्लिनला आली. तिच्यावरून हे तोरण. सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुकादम आनंद याने दिलेल्या दानाचा लेख त्यावर आहे, म्हणजे सातवाहनांची आठवण बर्लिनमध्ये!

जुनं_पान
मोडीवाचक, तोरणाची माहिती सुंदर, फक्त एक दुरुस्ती : आनंदाचा तो लेख दक्षिण तोरणावर आहे, पूर्वेच्या नाही.

मोडीवाचक
अरेरे, बरोबर. उत्साहाच्या भरात दिशा चुकली. दंडवत.

चहाटळ
थोडक्यात : प्लास्टरवरून केलेल्या तोरणासमोर, प्लास्टरवरून केलेला राजवाडा. मुकादम आनंदराव आणि श्ल्यूटरसाहेब वर बसून चहा पीत असतील. "तुमच्या मनोऱ्याचं काय झालं हो?"

नीलपरी७
😂😂 चहाटळ, थांबा जरा.

पण एक विचारायचं होतं. आत ज्या वस्तू आहेत त्या तर खऱ्या ना? बेनिनच्या पितळी मूर्ती वगैरे?

बर्लिनची_सून
हो, वस्तू अगदी खऱ्या, आणि भांडण त्यांच्यावरूनच जास्त. बेनिनच्या मूर्तींची मालकी २०२२ मध्ये नायजेरियाकडे दिली, काही आता उसन्या म्हणून इथे बर्लिनमध्ये आहेत. म्हणजे कवच नवं पण कायदेशीर, आतलं जुनं आणि वादातलं. मैत्रीण येते तेव्हा मी तिला हेच सांगते, मग आम्ही गच्चीवर कॉफी प्यायला जातो.

ओटीवरून
बापरे, धाग्याला एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, पेठकरी आणि मिरची_कांदा यांचे विशेष.

काल सासऱ्यांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दगडगोटेंचं आधी : भिंत आपला भार आपणच पेलते, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "प्लास्टर नाही ना मारलेलं? वीट जुळवून बांधलीय?" हो म्हटल्यावर जरा मोकळे झाले. चहाटळ, आवाजाचं म्हणाल तर, "भरीव होता, म्हणून तर फसलो," असं म्हणाले.

मग मी फोनवरचे फोटो काढले. नदीच्या बाजूचा कोपरा आहे ना, जिथे बरोक भिंत संपते आणि नव्या इमारतीचा वास्तुविशारद फ्रांको स्टेला याची नवी, सपाट भिंत सुरू होते, तो मोठा करून दाखवला. एका बाजूला माळा, गरुड, खिडकीवरची कमान. आणि सरळ एका रेषेत ते सगळं थांबतं, पुढे नुसते चौकोन. आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, पैसे संपले वाटतं. अण्णा मात्र काल तो फोटो बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हा कोपरा खरा आहे. इथे त्यांनी कुठे थांबलो ते लिहून ठेवलंय."

यादीत घालायचा की नाही ते अजून माझं ठरलेलं नाही. पण अण्णांनी पुढच्या खेपेला बर्लिनमध्ये दोनच ठिकाणं सांगितली आहेत : राजवाड्याचं तळघर आणि बिझनेस स्कूलचा दरवाजा. म्हणे, दोन्ही दरवाजांवर टकटक करून बघायचंय. बर्लिनची_सून, तिथला वॉचमन हरकत घेईल का हो?

बर्लिनची_सून
बाहेरून बघायला कोणी अडवत नाही. टकटकीचं सांगता येत नाही. मी सोबत येते, जर्मनमध्ये समजावेन. काकांना म्हणावं, खालच्या आजींनाही आणते, त्यांचं आणि त्यांचं जमेल.